कोकोच्या जागी कॅरब: पाककृतीत नेमकं काय बदलायचं

कोको काढला, तेवढीच कॅरब पावडर (कॅरब नावाच्या झाडाच्या शेंगांची तपकिरी पूड) घातली आणि बाकी काहीच बदललं नाही, तर पहिला केक बहुधा असा निघतो: कडा करपलेल्या, मधला भाग कोरडा आणि चव गोडमिट्ट. मग डबा कपाटात मागे सरकतो आणि तिथेच राहतो. खरं तर पावडरीचा त्यात दोष नसतो. दोन्हींचा रंग सारखा असल्यामुळे आपण त्यांना एकाच मापाने मोजतो, एवढंच. कॅरबमध्ये जवळजवळ निम्मी साखर असते, कोकोत ती नावापुरती. कोकोत भरपूर स्निग्धांश असतो, कॅरबमध्ये तो जवळपास नाहीच. हे दोन फरक नीट कळले की पुढचा बहुतेक हिशोब आपोआप सुटतो.

१०० ग्रॅम कॅरब पावडरीत साधारण ४९ ग्रॅम साखर, ४० ग्रॅम तंतू, ५ ग्रॅमहून कमी प्रथिनं आणि १ ग्रॅमहूनही कमी चरबी असते. बिनसाखरेच्या कोकोत साखर २ ग्रॅमच्या आत, प्रथिनं २० ग्रॅमच्या आसपास, आणि चरबी प्रकारानुसार १० ते २४ ग्रॅम. कोकोत कॅफीन आणि थिओब्रोमीन ही उत्तेजकं असतात. कॅरबमध्ये दोन्ही नाहीत. म्हणूनच रात्री झोप उडते किंवा छातीत धडधड होते म्हणून कोको टाळणारे लोक कॅरबकडे वळतात. कॅल्शियम कॅरबमध्ये जास्त आहे, १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम. लोह आणि मॅग्नेशियम मात्र कोकोत कितीतरी अधिक. तेव्हा ‘कोकोपेक्षा सगळ्याच बाबतीत पौष्टिक’ असं कुणी सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. चवीसाठी किंवा उत्तेजकं टाळण्यासाठी वापरायची असेल तर मात्र ही पावडर उत्तम.

पावडर कशाची, आणि कोणती घ्यायची

कॅरब हे भूमध्य समुद्राच्या काठावरचं सदाहरित झाड. शास्त्रीय नाव सेराटोनिया सिलिक्वा, कूळ वाटाण्या-शेंगदाण्याचं. त्याच्या लांबट, चपट्या शेंगा पिकल्या की गर्द तपकिरी होतात. तुर्की भाषेत त्यांना ‘शेळीचं शिंग’ अशा अर्थाचं नाव आहे, आणि शेंग हातात घेतली की ते का पडलं हे लगेच कळतं. वजनाच्या हिशोबाने शेंगेत साधारण ९० टक्के गर आणि १० टक्के बिया. पावडर गराची होते. बियांपासून वेगळाच पदार्थ निघतो, आइस्क्रीम-सॉस दाट करणारा डिंक. डब्यावर तो ई ४१० या क्रमांकाने दिसतो. हा डिंक पावडरीच्या जागी चालत नाही. चिमूटभरही जास्त झाला तर पेयाची खळ होते.

(हिरे मोजायचा ‘कॅरट’ हा शब्द याच बियांच्या ग्रीक नावावरून आला. सगळ्या बिया अगदी एका वजनाच्या भरतात म्हणून सराफ त्या वापरत, असं सांगतात. पण या बियाही इतर झाडांच्या बियांइतक्याच कमी-जास्त वजनाच्या असतात. आजचा २०० मिलिग्रॅमचा कॅरट १९०७ मध्ये ठरवून दिलेला आहे.)

पावडर विकत घेताना पहिला प्रश्न भाजण्याचा. न भाजलेली पावडर फिकट तपकिरी असते, जास्त गोड लागते, आणि तिला किंचित आंबूस, जुन्या चीजसारखा वास येतो. हा वास शेंगेतल्या आयसोब्युटिरिक आम्लाचा. भाजताना तो बराच उडून जातो आणि त्या जागी कॅरॅमल, खजूर, भाजलेलं धान्य यांच्या जवळ जाणारा खरपूस वास येतो. नवख्याने मध्यम भाजलेली घ्यावी. गडद भाजलेली रंगाने कोकोच्या सर्वांत जवळ जाते आणि तिला थोडा कडवटपणाही असतो, पण ती आधीच बरीच भाजलेली असल्याने ओव्हनमध्ये लवकर जळकट होते. गडद पावडर पेयांना बरी, मध्यम भाजलेली केक-बिस्किटांना.

डब्यावर घटक एकच असावा: कॅरब. ‘कॅरब ड्रिंक मिक्स’ असं लिहिलं असेल तर त्यात साखर किंवा दुधाची भुकटी असण्याची शक्यता मोठी, आणि मग खालचं एकही माप लागू पडणार नाही. बोटांच्या चिमटीत पावडर चोळून पाहा. पिठासारखी लागली तर ठीक, रव्यासारखी कचकचली तर ती पेयात कायम तळाला बसेल.

कॅरब चिप्स ही आणखी वेगळी वस्तू. त्यात बहुधा पाम तेलासारखी घट्ट चरबी, कधी साखर आणि दुधाचे घटकही असतात. दूध टाळणाऱ्यांनी ‘कॅरब आहे म्हणजे चालेल’ असं गृहीत न धरता घटकांची यादी वाचावी.

पाककृती बदलायची कशी

पहिली पायरी पाककृती निवडण्याची, आणि निम्मं यश इथेच ठरतं. केळी, खजूर, अक्रोड, खोबरं, ओट्स, दालचिनी, संत्र्याची साल हे घटक असलेला केक किंवा बिस्किटं कॅरबला मानवतात, कारण त्यांचा गोडवा आणि खरपूसपणा एकाच जातीचा असतो. ज्या पदार्थाचा जीवच कोकोच्या कडवटपणात आहे, उदाहरणार्थ डार्क ट्रफल, तिथे कॅरब घालू नका. तो कडवटपणा कॅरबमध्ये नाही, आणि मसाले घालूनही येत नाही. घरातल्यांना नवी चव एकदम रुचणार नाही असं वाटत असेल आणि कोको पूर्ण वर्ज्य नसेल, तर पहिल्या खेपेला निम्मा कोको, निम्मा कॅरब घ्या.

दुसरी पायरी मोजण्याची. वजनाने मोजत असाल तर कोको जितका तितकाच कॅरब. चमच्याने मोजत असाल तर कॅरब थोडा जड असतो: एक सपाट मोठा चमचा (१५ मिली) म्हणजे सुमारे ६ ग्रॅम कॅरब, कोको त्याहून थोडा कमी. एक कप कॅरब साधारण १०० ग्रॅम भरतो, कोको ८५ ग्रॅमच्या आसपास. चव फिकी वाटली म्हणून कॅरब दीडपट करण्याचा मोह होतो. वजनाच्या सव्वापटीपर्यंत चालतं, त्यापुढे तंतू इतके वाढतात की केक भुसभुशीत न होता भुशासारखा होतो. पाककृतीत पावडर नसून बिनसाखरेचं चॉकलेट असेल, तर २८ ग्रॅम चॉकलेटच्या जागी ३ मोठे चमचे कॅरब, १ मोठा चमचा लोणी किंवा तेल आणि १ मोठा चमचा पाणी धरा.

तिसरी, साखर. ४० ग्रॅम कॅरब घातला की त्यासोबत सुमारे २० ग्रॅम साखर आपोआप आत जाते. शिवाय पाककृतीतली बरीचशी साखर कोकोचा कडूपणा झाकण्यासाठी होती, ती आता नकोच. म्हणून एकूण साखरेतून पाव भाग कमी करा. २०० ग्रॅम असेल तर १५०. एकदम निम्मी करू नका. साखर नुसती गोडीसाठी नसते, ती केकमधला ओलावाही धरून ठेवते. फार कमी केली की दुसऱ्याच दिवशी केक कोरडा पडतो आणि लोक कॅरबला नावं ठेवतात.

चौथी, चरबी. ४० ग्रॅम कोकोतून ४ ते ९ ग्रॅम चरबी मिळत होती, ती भरून काढायला एक ते दोन छोटे चमचे (५ मिलीचे) जास्तीचं तेल किंवा लोणी घाला. माप किरकोळ वाटतं, पण तोंडात घास कसा विरघळतो ते यावरच अवलंबून असतं.

पाचवी पायरी लोक सर्रास गाळतात: पावडर आधी चाळून घ्या आणि मग कढत पाण्यात कालवा. साखर आणि तंतू जास्त असल्यामुळे कॅरब ओलावा चटकन ओढतो. थेट थंड द्रवात टाकला की बाहेरून चिकट थर धरतो, आत कोरडी पावडर अडकते आणि गुठळ्या होतात. नंतर कितीही घुसळा, त्या मोडत नाहीत. एका भाग पावडरीला वजनाने दोन भाग कढत पाणी किंवा दूध थोडं थोडं घालत गुळगुळीत पेस्ट करा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात तंतू फुगतात, कचकच कमी होते, वासही खुलतो. हे पाणी पाककृतीतल्या एकूण द्रवातूनच घ्यायचं. वर आणखी एक-दोन मोठे चमचे वाढवले तरी चालतात.

सहावी पायरी सोड्याची, आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. नैसर्गिक कोको आम्लधर्मी असतो. जुन्या पाककृतींमध्ये खायचा सोडा त्या आम्लाच्या भरवशावर घातलेला असतो. कोको गेला की सोड्याला पुरेसं आम्ल मिळत नाही. मग केक नीट फुगत नाही, आणि उरलेल्या सोड्याची साबणासारखी चव जिभेवर राहते. कॅरबच्या स्वतःच्या आम्लावर विसंबू नका. दोन उपाय आहेत. एक, आम्ल बाहेरून द्या: पाव छोटा चमचा सोड्याला एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. दोन, सोडा काढून बेकिंग पावडर घाला: पाव छोटा चमचा सोड्याच्या जागी पाऊण ते एक छोटा चमचा. पाककृतीत आधीपासून फक्त बेकिंग पावडरच असेल, तर काहीच बदलू नका. अल्कली-प्रक्रिया केलेल्या म्हणजे डच कोकोच्या पाककृती बहुधा अशाच असतात, त्यामुळे नवख्याने बदलायला घ्याव्यात तर त्याच.

सातवी, आच. कॅरबमधली साखर लवकर तांबूस होते. पदार्थ मुळातच तपकिरी, त्यामुळे रंगावरून करपल्याचा अंदाजही येत नाही. ओव्हन १० ते १५ अंशांनी उतरवा, १८० सेल्सिअसच्या जागी १६५ ते १७०. वेळ तीन-चार मिनिटं वाढेल. झाला की नाही हे सळई घालून पाहा, रंगावर जाऊ नका. वरचा भाग फारच गडद होऊ लागला तर शेवटची दहा मिनिटं वरून फॉइल सैल टाका.

राहिली चव. कॅरबला मीठ हवंच, २०० ग्रॅम पिठाला पाव छोटा चमचा. व्हॅनिला आणि दालचिनी त्याची गोडी मवाळ करतात. कॉफीचा अर्धा चमचा कोकोची आठवण करून देणारा कडूपणा आणतो, पण त्यासोबत कॅफीन परत येतं. ज्यांनी त्याच कारणाने कोको सोडला त्यांनी हा मार्ग सोडून द्यावा, किंवा भाजलेल्या चिकोरीची पूड वापरावी.

सरावासाठी एक केक

वरचे सगळे बदल एकाच वेळी दिसतील असा, अंड्याशिवायचा साधा केक. २० सेंटिमीटरच्या चौकोनी भांड्यासाठी: मैदा १८० ग्रॅम, मध्यम भाजलेला कॅरब ३६ ग्रॅम (६ सपाट मोठे चमचे), साखर १५० ग्रॅम, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, सोडा पाव छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा, दालचिनी अर्धा छोटा चमचा, बिनवासाचं तेल ९० मिली, पाणी २५० मिली, व्हिनेगर १ मोठा चमचा, व्हॅनिला १ छोटा चमचा.

ओव्हन १७० अंशांवर तापत ठेवा आणि भांड्याला तळाशी कागद लावा. कागदाशिवाय तळ चिकटतो. चाळलेल्या कॅरबमध्ये २५० पैकी १०० मिली पाणी कढत करून घाला, पेस्ट करा, दहा मिनिटं ठेवा. उरलेलं पाणी साध्या तापमानाचं असू द्या. पेस्टमध्ये साखर, तेल, उरलेलं पाणी आणि व्हॅनिला घालून साखर बरीचशी विरघळेपर्यंत फेटा. मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ, दालचिनी एकत्र दोनदा चाळून त्यात घाला आणि पिठाचे पांढरे ठिपके जाईपर्यंतच हलवा, जास्त नाही. व्हिनेगर अगदी शेवटी. आठ-दहा वेळा हलवून लगेच भांड्यात ओता आणि लगेच ओव्हनमध्ये सारा, कारण बुडबुडे सुटायला लागलेले असतात. ३२ ते ३८ मिनिटं. ३० मिनिटांनी पहिली सळई घालून पाहा. दहा मिनिटं भांड्यातच निवू द्या, मग काढा. गरम असताना चव थोडी पिठूळ लागते; चार-पाच तासांनी, दुसऱ्या दिवशी तर नक्कीच, कॅरॅमलचा स्वाद वर येतो. चाखायची घाई केली की हा केक उगाच नापास होतो.

मधोमध खळगा पडला तर दोन शक्यता: व्हिनेगर घालून मिश्रण थांबवून ठेवलं, किंवा दार लवकर उघडलं. केक रबरासारखा झाला तर पीठ जास्त फेटलं गेलं. कडा कडक आणि मध्य ओला असेल तर आच अजून जास्त आहे. ओव्हनचा काटा नेहमी खरं बोलतोच असं नाही.

पेय आणि सिरप

एका पेल्यासाठी १ मोठा चमचा कॅरब, २ मोठे चमचे कढत पाणी, २०० मिली दूध (वनस्पतिजन्य चालेल), चिमूटभर मीठ. पेस्ट करून दुधात मिसळा आणि मंद आचेवर सतत ढवळत तीन-चार मिनिटं गरम करा. खळखळून उकळू देऊ नका आणि भांडं सोडून जाऊ नका. कॅरब तळाला लागतो आणि एकदा लागला की सगळ्या दुधाला जळका वास येतो. गाळा, चाखा, मगच साखर घालायची की नाही ते ठरवा. बहुतेकदा लागत नाही. तळाशी थोडा गाळ राहणारच. कॅरबचे तंतू पाण्यात विरघळत नाहीत, फक्त तरंगत राहतात. पेलाभर दुधात फारच गाळ बसत असेल तर पावडर जाड आहे.

रोज कालवायचा कंटाळा असेल तर सिरप करून ठेवा. ५० ग्रॅम कॅरब, २०० मिली पाणी, ४० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. पेस्ट करून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत. निवल्यावर ते आणखी दाट होतं, म्हणून वाटतं त्याच्या थोडं आधीच उतरवा. फ्रीजमध्ये स्वच्छ बरणीत आठवडाभर टिकतं. सायप्रससारख्या ठिकाणी पारंपरिक कॅरब सिरप होतं ते पावडरीचं नव्हे. तिथे शेंगांचे तुकडे पाण्यात भिजवून, ते गोड पाणी गाळून आटवतात. ते गाळरहित आणि काळंभोर असतं. घरचं सिरप तसं दिसलं नाही तर काही चुकलं असं समजू नका.

वरून ओतायचा थर

समान वजनाचं वितळलेलं खोबरेल आणि बारीक चाळलेला कॅरब, म्हणजे ६० ला ६० ग्रॅम, चिमूटभर मीठ. फ्रीजमध्ये १५-२० मिनिटांत घट्ट होतो. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे हा थर टेबलावर ठेवला की घाम फुटल्यासारखा मऊ पडतो. फ्रीजमधून काढून लगेच वाढायच्या गोष्टींवरच वापरा. खोबरेलाऐवजी कोको बटर घेतलं तर थर ३४ अंशांपर्यंत टिकतो, पण कोकोची अॅलर्जी असणाऱ्यांना ते चालणार नाही.

या मिश्रणात पाण्याचा थेंब पडला तर ते एकदम घट्ट गोळा होतं. कारण पावडरीतली साखर पाणी शोषून एकमेकीला चिकटते. तेल वाढवून ते सुटत नाही. उलट करा: एकेक मोठा चमचा कढत पाणी घालत जोरात घोटा. पुन्हा चकचकीत सॉस होईल, कडक थर मात्र होणार नाही. तयार केकवर कॅरब नुसता भुरभुरायचा असेल तर वाढण्याच्या क्षणी. आधी भुरभुरला तर ओलावा ओढून तासाभरात चिकट डाग पडतात.

शेंगा मिळाल्या तर

शेंगा धुवा, १०-१५ मिनिटं वाफवा म्हणजे मऊ पडतील. उभ्या चिरून प्रत्येक बी काढा. बी दगडासारखी कडक असते, एक राहिली तरी ग्राइंडरचं पातं बिघडतं. गराचे १-२ सेंटिमीटरचे तुकडे करून ६०-७० अंशांवर कडकडीत वाळवा, मग १५० अंशांवर २०-३० मिनिटं मधूनमधून हलवत भाजा. पूर्ण निवल्याशिवाय दळू नका. गरम तुकड्यांतली साखर मऊ असते, भांड्यात लगदा चिकटून बसतो. दहा-दहा सेकंदांच्या झटक्यांनी दळा, चाळा, वर राहिलेलं पुन्हा दळा. बाजारातल्याइतकी बारीक पावडर घरी होत नाही. ती केकला वापरा, पेयाला नको.

मधुमेह असणाऱ्यांनी ‘नैसर्गिक’ या शब्दावर जाऊ नये. ४० ग्रॅममागे २० ग्रॅम साखर हा हिशोब त्यांनाही लागू आहे. शेंगवर्गातल्या कशाचीही अॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सवय नसताना पहिल्याच दिवशी तीन-चार मोठे चमचे खाल्ले तर इतक्या तंतूंमुळे पोट फुगू शकतं. एका चमच्याने सुरुवात करा. घरात कुत्रा असेल तर त्याला कोकोतलं थिओब्रोमीन विषारी असतं. साध्या कॅरबचा तसा धोका नाही, पण कॅरबच्या तयार बिस्किटात झायलिटॉलसारखी (साखरेऐवजी वापरली जाणारी) गोडी असेल तर तीही त्याला घातकच.

डबा हवाबंद, कोरडा, ओट्यापासून लांब. फ्रीजमध्ये नको: बाहेर काढल्यावर डब्यात दव धरतं आणि दोन-तीन वेळा तसं झालं की आत वीट तयार होते. चरबी नसल्यामुळे ही पावडर खवट होत नाही, वर्षभर सहज टिकते. फक्त गुठळ्या धरते. वास चांगला असेल तर गुठळी चाळणीवर चमच्याच्या पाठीने दाबून फोडा आणि वापरा. कुबट वास आला किंवा जाळी दिसली तर टाकून द्या. आणि डब्यात ओला चमचा घालू नका.